हसू नका, फोटो पासपोर्टचा आहे

पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. दात दिसता कामा नयेत, मान सरळ, मागे पांढरा पडदा, आणि चेहरा असा की जणू आत्ताच अप्रेझलचं पत्र हातात पडलंय. ऑनसाईटच्या आशेवर जगणाऱ्या आपल्या जमातीला हे नियम तोंडपाठ असतात. पण मंडळी, आज जरा वेगळ्या लोकांच्या फोटोंबद्दल लिहायचंय. त्यासाठी आधी फुटबॉलकडे जाऊ आणि तिथून एकदम दीड-पावणेदोनशे वर्षं मागे. लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. भर पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि त्यातून २००१ च्या सुमारास 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू झालं. ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१४ मध्ये ती 'सत्यमेव जयते'त आली, २०२२ मध्ये नागराज मंजुळेंच्या 'झुंड'मध्ये अमिताभने बारसे सर उभे केले. झोपडपट्टी फुटबॉलचं पुढे 'स्लम सॉकर' झालं. २०१६ चा फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा नागपूरकरांची छाती काय फुगली होती म्हणून सांगू!

या पोरांची मजल जिथवर गेली ती स्पर्धा म्हणजे होमलेस वर्ल्ड कप, बेघरांचा विश्वचषक. पहिला २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात झाला, अठरा देशांचा. मैदान इवलंसं, २२ मीटर बाय १६. एका बाजूला चार जण आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. चहा निवायच्या आत मॅच खलास. पण मला त्यातला सगळ्यात भारी नियम वाटतो तो म्हणजे एका खेळाडूला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते. मेस्सी-रोनाल्डो एकामागून एक वर्ल्ड कप खेळत राहतात. इथे मात्र एकदा खेळलात की जागा पुढच्यासाठी मोकळी करायची. २०१० मध्ये रिओला, कोपाकबानाच्या वाळूवर ही स्पर्धा झाली तेव्हा भारताचा कर्णधार होता नागपूरचा अखिलेश पॉल.

आता वस्तीतल्या मुलाला रिओला न्यायचं म्हणजे पहिली गोष्ट काय लागते? बूट? कोच? छे. पासपोर्ट. आणि पासपोर्टला लागतो पत्ता, जन्माचा दाखला, पोलिसांचा शेरा आणि एक फोटो. ज्याचं घरच कागदावर नाही त्याने पत्ता कुठला द्यायचा? 'झुंड' मला मध्ये मध्ये लांबलेला वाटला, पण रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी आणि तिचा बाप कागदांसाठी वणवण फिरतात तो भाग मात्र आतपर्यंत गेला. ही मुलगी आपण आहोत हे सरकारला सिद्ध करून द्यायला निघालीये. समोर उभी आहे, श्वास घेतेय, तरी पुरावा लागतो.

इथून माझ्या डोक्यात किडा शिरला. साध्या माणसाचा चेहरा फोटोत आला कधी, आणि कुणाला हवा होता म्हणून आला?

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. म्हणजे पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. पण गाजलं ते विल्यम जॉन्सन या गोऱ्या माणसाचं काम. मुंबईत दिसणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे त्याने फोटो काढले आणि १८६३ आणि १८६६ मध्ये ते दोन खंडांत छापले. गंमत म्हणजे माणसांचे फोटो वेगळे काढून त्याने ते मुंबईच्या देखाव्यांवर चिकटवले. फोटोशॉप यायच्या सव्वाशे वर्षं आधी कट-पेस्ट!

मग सरकारच त्यात उतरलं. 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. चारशेच्या वर फोटो. १८५७ नंतर इंग्रजांना आपली रयत नक्की कोण आहे हे समजून घ्यायची घाई झाली होती, त्यातून ही वही भरली गेली. फोटोखाली बहुतेक ठिकाणी जमातीचं नाव, आणि शेजारी तिचा स्वभाव: ही जमात आळशी, ती विश्वासू, अमकी चोरटी. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनला गेले होते, तिथे इंडिया ऑफिसात त्यांनी मुलांसोबत हे पुस्तक पाहिलं. एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? मुलगा हो म्हणाला, पण शरमेने लाल झाला आणि लगेच सांगू लागला की आम्ही इथल्या मूळच्या लोकांपैकी नाही, आमचे पूर्वज बाहेरून आलेले. सर सय्यद यांनीच हे लिहून ठेवलंय. मला या किश्श्यात दोन्हीकडून वाईट वाटतं. त्या मुलाला स्वतःचा अपमान टाळता आला, कारण बोट दाखवायला पुस्तकातले 'ते' दुसरे लोक होते. आणि पुस्तकातल्या लोकांना तर कुणी काही विचारलंच नव्हतं.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आता माझ्या गावाकडे येतो. माझं गाव सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया. मुंबई-कोलकाता हायवेवर, शिवाय गोंदिया-चांदाफोर्ट लाइनवर स्टेशनही आहे. नागपूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तोवर आम्ही भंडाऱ्यात होतो, आणि इंग्रजांच्या काळात हा सगळा मुलूख मध्य प्रांतात होता. त्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी चार जाडजूड खंड लिहिले, १९१६ साली. आज ते प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. एका शनिवारी हापिसच्या डिप्लॉयमेंटची वाट बघत बसलो होतो, तेव्हा चाळले. मजकूर खरंच श्रीमंत आहे, गोंडांवरचं प्रकरण तर एखाद्या स्वतंत्र पुस्तकाएवढं. पण फोटोंच्या ओळी बघा. 'प्रवासाला निघालेले गोंड' अशा पद्धतीच्या. माणसं समोर उभी आहेत, थेट कॅमेऱ्यात बघतायत, पण त्यांना नाव नाही. आमच्याच रानावनातली कुणाची तरी पणजी त्यात असू शकेल, पण शोधायची कशी? सर्च करायला की-वर्डच नाही ना.

त्याच सुमाराचा दुसरा एक फोटो आठवा. २९ जुलै १९११, कलकत्ता, मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरा खेळाडू, त्यातले दहा अनवाणी. बंगालमध्ये त्या अकराही जणांची नावं आजही सांगणारे लोक भेटतात, कोण कुठल्या जागी खेळायचा त्यासकट. रसेल-हिरालालच्या पुस्तकाच्या पाचच वर्षं आधीचा हा फोटो. देश तोच, अनवाणी पायही तेच. फरक पडला तो बॉलने. संघाच्या फोटोत प्रत्येकाला जागा असते आणि जागेला नाव असतं. गोलकीपर म्हणून तुम्ही 'एक नमुना' राहूच शकत नाही, तुम्ही तो अमुक गोल वाचवलेला माणूस असता.

पासपोर्टवर फोटो आला तो पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ कडे. हेरांच्या भीतीने. त्याआधी ब्रिटिश पासपोर्ट म्हणजे नुसताच एक कागद होता. युद्ध संपलं, भीती गेली नाही. आपल्याकडे पासपोर्टचा कायदा १९२० मध्ये झाला. म्हणजे सरकारला चेहरा हवा होता तो ओळख पटवायला, ओळख करून घ्यायला नव्हे. पुढे १९९३ मध्ये शेषन साहेबांनी मतदार ओळखपत्र आणलं, आणि २०१० मध्ये आधारची सुरुवात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीहून झाली. माझा अंदाज असा की गावाकडच्या लाखो माणसांचा आयुष्यातला पहिला एकट्याचा फोटो या दोन कार्डांपैकी एकावरचा असणार.

आमच्या आजीचा मात्र एक आधीचाही होता. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दंडार असते, रात्रभर नाटक असतं, आणि पूर्वी तिथे फोटोवाला हमखास यायचा. मागे ताजमहाल नाहीतर काश्मीरचा पडदा. "हालू नोको, मावशी" असं म्हणून तो काळ्या फडक्यात शिरायचा. त्या फोटोत आजी आणि तिच्या दोन बहिणी आहेत, तिघी ताजमहालसमोर, तिघींच्या चेहऱ्यावर कडक इस्त्री. दुसरा फोटो मतदार कार्डावरचा. तो असा आला होता की आजी स्वतःच म्हणायची, ही बाई कोण. ती गेल्यावर हार घालायला फोटो हवा होता. साकोलीच्या स्टुडिओवाल्याने तो कार्डावरचाच फोटो मोठा केला, मागचं सगळं खोडलं आणि तिला निळी साडी नेसवली. आपल्याकडे कितीतरी घरांत भिंतीवरचे आजी-आजोबा असेच आलेत, निवडणूक आयोगाच्या कृपेने.

असो. फुटबॉलकडे परत.

खेळातही चेहऱ्यावर विश्वास ठेवायचे दिवस गेले म्हणा. १७ वर्षांखालच्या विश्वचषकात फिफा २००९ पासून मनगटाचा एमआरआय काढते, वय लपवलंय का बघायला. २०१७ मध्ये ही स्पर्धा भारतात झाली, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन-मालीची सेमीफायनल झाली, आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. म्हणजे जन्मदाखला, पासपोर्ट, फोटो आणि वर हाडाचाही फोटो! तरी या मुलांच्या मागे फेडरेशन उभी असते. बेघरांच्या स्पर्धेला निघालेल्या पोरामागे एक मास्तर आणि चार स्वयंसेवक असतात.

होमलेस वर्ल्ड कपमध्येही खेळाडूंचे फोटो निघतात, त्यांच्या गोष्टी छापून येतात. ते बघताना माझ्या मनात थोडी कुरकुर होते. चेहऱ्याखाली 'बेघर', 'व्यसनातून सुटलेला', 'झोपडपट्टीतला' असं आलं की मला ते आठ खंड आठवतात. हेतू अगदी उलटा आहे हे मान्य, पैसे आणि मदत त्या शब्दांमुळेच येते हेही मान्य. पण तिथे निदान नाव असतं, देशाची जर्सी असते, आणि फोटो काढून घ्यायचा की नाही हे त्या माणसाला विचारता येतं. १९१६ च्या पुस्तकातल्या लोकांपेक्षा हे खूपच जास्त आहे. तरी त्या मुलाला कर्णधार म्हणूनच आधी छापावं आणि बाकीचं त्याने सांगितलं तर, असं माझं मत. ज्यांना पटत नसेल त्यांनी भांडायला यावं :)

डिसेंबर २०२२ मध्ये, कतारचा वर्ल्ड कप चालू असताना मी आठवडाभर सौंदडला होतो. वर्क फ्रॉम होम, नेटवर्क गच्चीच्या एका कोपऱ्यात. कॅमेरा सोबत होता. बाजारात दीडशे-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या जर्श्यांचा नुसता पूर आला होता. धान घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याच्या पाठीवर १० नंबर आणि मेस्सी. ढाब्यावर पोळ्या लाटणारा नेमार. टायरवाला एम्बापे. यातल्या एकाने एकही मॅच पाहिली नव्हती, त्याला कापड गुळगुळीत वाटलं म्हणून घेतली होती. मी त्यांना विचारून फोटो काढायला लागलो. ठरवलं इतकंच की दोन काढायचे, एक पाठीचा आणि एक चेहऱ्याचा, आणि वहीत पूर्ण नाव लिहून घ्यायचं, बापाच्या नावासकट, ज्याने त्याने जसं सांगितलं तसं.

सगळे मिळून एकतीस जण झाले. यातल्या सत्तावीस जणांनी चेहऱ्याच्या फोटोला आपोआप पासपोर्टची पोज घेतली. मान सरळ, ओठ मिटलेले. पाठीच्या फोटोला मात्र वळायच्या आधी जवळजवळ प्रत्येकजण हसत होता. टायरवाल्याने नाव सांगितलं, मग वहीत डोकावून त्यातली एक वेलांटी दुरुस्त करून घेतली आणि म्हणाला, "आधारवर पन चुकलीच हाये ते, इथं तरी बरोबर लिवा."

प्रिंट सगळ्यांना पोचवल्या आहेत. फोटो इथे टाकणार नाही, ते त्यांचे त्यांच्याकडे आहेत. नावं मात्र वहीत मागच्या पानावर पुन्हा एकदा, स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवलीत.