मुक्कामाचा मुलूख

इतिहासलेखनाची आपली रूढ दृष्टी राजधान्या, किल्ले आणि रणभूमी यांवरच खिळलेली असल्यामुळे, ज्या गावांनी कधी सिंहासन पाहिले नाही, परंतु शतकानुशतके वाटसरूला एका रात्रीचा निवारा, बैलाला वैरण आणि मालाला पहारा दिला, त्या गावांचा वृत्तान्त बहुधा अलिखितच राहतो. नंदुरबार हे अशांपैकी एक गाव होय. सुरत बंदरातून निघून बऱ्हाणपूरवरून आग्ऱ्यास पोहोचणारा मोगल अमदानीतील मार्ग या कसब्यावरून जात असे. आणि कसब्याची पेठ, तेथील कारागिरी, इतकेच नव्हे तर त्याचा ऱ्हासही, येणारा-जाणारा माणूस तेथे थांबतो की न थांबता पुढे जातो, या एका गोष्टीवर अवलंबून होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोगलांच्या कितीतरी आधी, इ. स. 1342 च्या सुमारास, दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेच्या वाटेवर येथे उतरला होता. गाव लहान, वस्ती मराठ्यांची, लोक हुन्नरी, वैद्यक आणि ज्योतिष यांत निष्णात, आहार भात, भाज्या आणि तिळाच्या तेलाचा, आणि मद्यास कोणी स्पर्श करीत नाही, असे त्याने नोंदविले आहे. पुढे अकबराच्या काळी नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे, ठाणे झाले. 1610 मध्ये सुरतेहून आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याला गावाबाहेर पुष्कळ कबरी आणि विलासगृहे, तसेच गढी आणि एक सुंदर तलाव दिसला. 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही बऱ्हाणपूरच्या दरबाराकडे जाताना याच वाटेने गेला.

परंतु या मार्गाचे खरे वर्म ज्याने ओळखले तो फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये. बारडोली, वालोड, केरकोआ, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा सगळा रस्ता त्याने मजल-दरमजल कोसांनिशी लिहून ठेवला आहे. त्याच्या हिशेबाने केरकोआ ते नवापूर 15 कोस आणि नवापूर ते नंदुरबार 9 कोस. केरकोआ येथे शहाजहानची कन्या बेगमसाहिब, म्हणजे जहाँआरा, हिने धर्मार्थ बांधलेली मोठी सराई होती आणि ते ठिकाण तिच्याच नावाने ओळखले जाऊ लागले होते. सराई तेथेच का, याचे कारणही त्याने दिले आहे : पूर्वी वालोडहून एकदम नवापूर गाठावे लागे, ती मजल फार लांब पडे, आणि सरहद्दीवरचे राजे मोगलांची ताबेदारी मनापासून मानीत नसल्यामुळे त्या टप्प्यात उपद्रवावाचून पार पडलेला काफिला विरळाच. वाटेत एक मुक्काम निर्माण होताच सबंध रस्त्याचे स्वरूप पालटले. एखाद्या राजकन्येचे औदार्य आपण मशिदींत आणि बागांत शोधतो. मला मात्र तिची ही सराई अधिक थोर वाटते.

नवापूरविषयी हाच प्रवासी लिहितो की, गाव विणकरांनी भरलेले, पण मुख्य व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, शिजला की बर्फाहून शुभ्र, आणि त्याला कस्तुरीसारखा सुगंध, म्हणून हिंदुस्थानातील अमीर-उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत. हिंदुस्थानातील दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचेही त्याने वर्णन केले आहे. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ यांची ने-आण करणारे हे तांडे अरुंद वाटेवर समोर आले, की गाड्यांना प्रसंगी दोन-तीन दिवस एकाच जागी खोळंबून राहावे लागे. त्या काळी थांबणे हा प्रवासातील खंड मानला जात नव्हता. तो प्रवासाचाच भाग होता आणि त्याची तरतूद आधीच करून ठेवावी लागे.

ती तरतूद साधी नव्हती. बारमाही पाणी, चराईचे रान, सावलीची झाडे, उधारीवर दाणागोटा देणारा वाणी, मोडलेला आस दुरुस्त करणारा सुतार आणि रात्रीचा पहारा, इतके जेथे जुळेल तेथेच तळ पडे. वाटेच्या बंदोबस्तासाठी म्हणून राहदारीचे पैसे घेतले जात, आणि ते वरचेवर बेकायदा उकळलेही जात. खानदेशात गावोगावची रात्रीची राखण भिल्ल जागल्यांकडे असे. दप्तरांतून भिल्ल आढळतो तो बहुधा लुटारू म्हणून. पण ज्याच्या जागरणावर काफिल्याची झोप अवलंबून होती तोही भिल्लच होता, याची नोंद इतिहासकाराने समान शाईने केली पाहिजे.

1666 मध्ये इंग्रजांना नंदुरबारात वखार घालावीशी वाटली, एवढे या पेठेचे महत्त्व होते. पुढे पेशवाईच्या उत्तरकाळातील धामधुमीत वाटा असुरक्षित झाल्या, काफिले आटले, आणि 1818 मध्ये इंग्रजी अंमल बसला तेव्हा निम्म्याहून अधिक गाव ओसाड पडलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरत-अमळनेर असा तापी खोऱ्याचा लोहमार्ग आला आणि पेठ पुन्हा सावरली. पण रात्रीचा मुक्काम गेला आणि त्याच्या जागी वेळापत्रकातला मिनिटांचा ‘हॉल्ट’ आला. 1 मे 1960 रोजी दोन राज्ये झाली तेव्हा नवापूरचे स्थानक सरहद्दीने दुभागले. तेथील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे.

जुन्या अर्थाचा मुक्काम पाहावयाचा असेल तर दत्तजयंतीच्या सुमारास शहादे तालुक्यात, तापीकाठी सारंगखेड्यास जावे. एकमुखी दत्ताच्या यात्रेत भरणारा घोड्यांचा बाजार दूरदूरच्या सौदागरांना तेथे खिळवून ठेवतो. सौदागर आधी स्वतःची पथारी पसरीत नाही. तो प्रथम खुंट ठोकतो, घोड्याला आगाडी-पिछाडी लावतो, तोबऱ्यात चंदी चढवतो, खरारा करतो, आणि मग चुलीकडे वळतो. गिऱ्हाईकही घाई करीत नाही. रवाल चाल सकाळी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा पाहिल्यावाचून भाव बोलला जात नाही. डोंगराकडे अक्राणी-अक्कलकुवा भागात एसटीची मुक्कामी गाडी हीच रीत निराळ्या रूपाने चालवते : संध्याकाळी आलेली गाडी गावातच राहते, चालक-वाहक तेथेच झोपतात, आणि पहाटे ती आजारी माणसाला, विद्यार्थ्याला, बाजारकरणीला घेऊन तालुक्याकडे निघते.

आता सुरत-धुळे महामार्ग रुंद झाला आहे, आणि रस्ता रुंदावताना पहिला बळी पडतो तो कडेची विहीर, चौथरा आणि अमराई यांचा. नवापूरपासून थाळनेरपर्यंतच्या गावांतील शिक्षकांना माझी विनंती आहे, की आपल्या शिवारात तांडे कोठे उतरत, पाणी कोणत्या विहिरीचे पीत आणि राखणीस कोणते घराणे असे, हे वृद्धांना विचारून त्यांनी याच उन्हाळ्यात लिहून काढावे.