मोसे खोऱ्यांतील कांहीं कौटुंबिक छायाचित्रें

मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर यांचें नांव ज्या वरसगांवच्या जलाशयास दिलें आहे, त्याच्या कांठीं लवासा वसलें आहे. येथील पावसाळा कागदास मानवत नाहीं. गेल्या आषाढांत आमच्या संग्रहांतील दोन जुनीं छायाचित्रें चौकटीच्या कांचेस चिकटलेलीं आढळलीं. त्यांच्या प्रती करणें भाग पडल्यानें स्कॅनरचा शोध घेतला. अशीं चित्रें पोथ्यांच्या संग्राहकांपाशींही असतात. सबब त्याची हकीकत देतों.

सपाट कांचेचे स्कॅनर दोन जातींचे. स्वस्त व पातळ यंत्रांत सीआयएस संवेदक असतो. त्यांत कांचेस टेकलेला भागच स्पष्ट उमटतो. सीसीडी जातींत भिंग व आरसे असल्यानें वांकलेला पुठ्ठा, किंवा चौकटीच्या कांचेआडचें चित्रही, बरें येतें. चिकटलेलें चित्र सोलूं नये, कांचेसकट ठेवावें. म्हणून आम्हीं दुसरी जात घेतली. कागद आंत ओढून घेणारें यंत्र तर संग्रहाजवळ येऊंच देऊं नये! कांचेवरील निगेटिव्हकरितां झांकणांत दिवा असलेलें यंत्र लागतें. मात्र अवरक्त किरणांनीं ओरखडे काढण्याची सोय कृष्णधवल निगेटिव्हला निरुपयोगी, कारण त्यांतील चांदी ते किरण अडविते. जाहिरातींतील मोठ्या आंकड्यांस भुलूं नये. कागदी चित्रास इंचास ६०० बिंदू पुरतात. मूळ प्रत टिफ स्वरूपांत राखावी.

खरा धोका जीर्णोद्धारांत आहे. पूर्वीं एक चित्र आम्हीं एका कारागिराकडे दिलें होतें. नव्या चौकटींत बसावें म्हणून त्यानें पुठ्ठ्याची कड कापली. त्या कडेवर छायाचित्रकाराचा उठावाचा शिक्का होता. काल ठरविण्याचें तेंच एक साधन! शिवाय पुसट झालेलें शिरोवस्त्र त्यानें कल्पनेनें पुरें केलें. आतां घरांतील मुलें तीस पणजोबांची पुणेरी पगडी म्हणतात. मूळांत पागोट्याचा एक पेंचच काय तो दिसतो.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत (आदिपर्व, १९३३) संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ असते. छायाचित्रांत तशी रेघ कोठें घालणार? यास्तव अस्पर्शित प्रत निराळी ठेवावी, दुरुस्त प्रतीच्या नांवांतच 'दुरुस्त' असें लिहावें, आणि पाठीची प्रत न विसरतां घ्यावी.

चिकटलेल्या चित्रांपैकीं एकाच्या पाठीवर मोडींत दीड ओळ आहे. 'शके' एवढें लागतें. पुढील आंकडे ओलीनें गेले आहेत. ते आम्हीं भरलेले नाहींत.