तीन मिनिटांची तबकडी ते घरभर पंडवानी

१९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. ख्याल आखडता घेऊन तेवढ्यात बसवता येई. तासन्‌तास रंगणारी पंडवानी नव्हे. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई (पद्मविभूषण, २०१९) तंबुरा हाती घेऊन जे महाभारत उभे करत, त्याला अखंडता लागे.

१९८२ मध्ये आलेल्या सीडीने ही मर्यादा सुमारे ७४ मिनिटांवर नेली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन वाहिन्या. म्हणजे तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट. एमपी३ने हा भार पुष्कळ घटवला. पण १,१५२ नमुन्यांच्या चौकटी भरताना फाइलींच्या सांध्यांवर क्षणिक शांतता शिरे. २००१ मधील फ्लॅकने एकही बिट न गमावता आकार साधारण निम्म्यावर आणला.

आज हजारो तासांचा संग्रह घरातील एका डिस्कवरून वाय-फायने प्रत्येक खोलीत पोहोचतो. तेथे प्रश्न उरतो काळाचा. दोन खोल्यांतील उपकरणांच्या स्फटिक-घड्याळांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते आणि तंबुऱ्याचा एकच झंकार दोनदा ऐकू येतो. म्हणून सर्व उपकरणे एकाच घड्याळाशी सतत जुळवली जातात.

साठवण आणि प्रसारण यांचे कोडे असे सुटले. अखंड मुद्रणाचे काम मात्र कलावंत गात आहेत तोवरच करता येते.