कडोळीचा न झालेला मंत्री

मंत्री झालेल्यांच्या कारकिर्दीवर पुष्कळ लिहिलं जातं. मला मात्र आमच्या हिंगोलीतल्या, हातात आलेलं मंत्रिपद परत करणाऱ्या माणसाबद्दल लिहायचंय. नानाजी देशमुख. जन्म ११ ऑक्टोबर १९१६, गाव कडोळी. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता (तो १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला), आणि परभणी निजामाच्या राज्यात होती.

आई-वडील लहानपणीच गेले. फीसाठी भाजी विकली, असं सांगतात. पुढे शिक्षणासाठी राजस्थान, आणि तिथून संघाचे प्रचारक म्हणून उत्तर प्रदेश. मराठवाड्यातला हा मुलगा गोरखपूरकडे गेला तो तिकडचाच झाला. गोरखपुरात पहिलं सरस्वती शिशु मंदिर उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने. १९५१ मध्ये जनसंघ निघाला आणि उत्तर प्रदेशातली बांधणी त्यांच्याकडे आली.

आता जनसंघ म्हटलं की उजवा, सनातनी वगैरे शब्द येतात, आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. पण या गृहस्थाचं खरं कसब वेगळं होतं. वैचारिक शत्रूला चहाला बोलवायचं आणि उठताना त्याच्याशी युती करून उठायचं! लोहियांशी सूर जुळले, आणि १९६७ मध्ये चरणसिंगांच्या सरकारात जनसंघ आणि समाजवादी एकत्र बसले. ४ नोव्हेंबर १९७४ ला पाटण्यात जयप्रकाशांवर लाठ्या पडू लागल्या तेव्हा मध्ये पडले ते नानाजी. हात मोडला. मग आणीबाणी आणि तुरुंग.

१९७७ ला बलरामपूरहून लोकसभेत निवडून आले. मोरारजींनी मंत्रिमंडळात उद्योग खातं देऊ केलं. यांनी नाही म्हटलं. वर, साठी ओलांडलेल्यांनी सत्तेपासून दूर व्हावं असा आग्रह धरला. मोरारजींनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती, हे लक्षात घ्या! कुणी ऐकलं नाही. १९७८ मध्ये नानाजी स्वतःच सक्रिय राजकारणातून बाहेर पडले.

इथे माझं मन जरा अडतं. त्यागाचं कौतुक आपल्याकडे फार लवकर होतं. जोडणारा माणूसच बाजूला झाला आणि जुलै १९७९ मध्ये जनता सरकार कोसळलं. ते राहिले असते तर टिकलं असतं असं मी म्हणणार नाही, भांडणारे दिग्गज होते. पण खुर्ची नाकारण्यालाही किंमत असते आणि ती इतरांनाही मोजावी लागते, एवढं मात्र वाटतं.

त्यांनी मात्र मागे पाहिलं नाही. १९७२ मध्ये स्थापन केलेल्या दीनदयाळ शोध संस्थानातर्फे आधी गोंडा, मग चित्रकूट. शेती, पाणी, शाळा. गावातले तंटे गावातच मिटवायचे. मराठवाड्यात बीडला संस्थानाचं काम झालं. पण आयुष्याचा मोठा वाटा परप्रांतातल्या खेड्यांना मिळाला, आणि पाण्यावाचून तडफडणाऱ्या आमच्या सेनगाव भागातल्या माणसाला याची थोडी रुखरुख वाटली तर त्याला कोतं म्हणू नये.

१९९९ मध्ये पद्मविभूषण आणि राज्यसभेवर नियुक्ती. २७ फेब्रुवारी २०१० ला चित्रकूटलाच गेले. देहदान आधीच करून ठेवलं होतं. २०१९ ला मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं आणि टीव्हीवाले कडोळीचा रस्ता विचारू लागले.