घाटात गाडीतून गाडीत बोलायचंय? वॉटच्या आधी परवाना आणि अँटेना बघा

भिवंडीहून निघालेल्या चार-पाच जीप कसारा घाट चढून घोटीमार्गे घाटघरच्या आडवाटांना लागल्या की मोबाइलच्या रेंजचा भरवसा राहत नाही. मागची गाडी चिखलात रुतली, हे पुढच्याला कळवायला वॉकी-टॉकीच लागतो.

पहिली चूक होते ती फ्रिक्वेन्सीत. विनापरवाना चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचे कमी शक्तीचे संच आणि २७ मेगाहर्ट्‌झचा सिटिझन बँड, कमाल ५ वॉट. हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे स्वस्त संच यात बसत नाहीत. हॅम बँडवर बोलायचं तर परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीवरून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या होत्या.

खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. डोंगराची सोंड आडवी आली की जादा वॉटही फारसे कामाला येत नाहीत. ४४६चा हातातला संच गाडीच्या पत्र्यामागे दबतो, म्हणून खिडकीशी धरावा.

२७ मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ११ मीटर लांब. तिच्या पाव लांबीची अँटेना पावणेतीन मीटर होते! म्हणून कॉइल घालून आखूड केलेली वापरतात. ताकद थोडी घटते. ती टपाच्या मधोमध बसवावी, कारण टपाचा पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असल्यासारखं काम करतो. बंपरवर लावली तर गाडीच एका बाजूचा सिग्नल अडवते. बसवल्यावर एसडब्ल्यूआर मीटर लावा. आकडा दीडच्या आत उत्तम; तीनच्या वर असेल तर बोलायचं बटण दाबू नका, संच जळू शकतो.