कंदिलाची काच आणि पन्हळी पुठ्ठा

औंध संस्थानाच्या औद्योगिक इतिहासात दोन नावे अग्रभागी येतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर उभारलेला कारखाना हे एक, व ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ काढलेला काच कारखाना हे दुसरे. दोहोंना बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा आश्रय लाभला. तथापि दोहोंच्या मालाचा स्वभाव भिन्न होता. लोखंडी नांगर उघडाच डब्यात टाकला तरी तो शेतावर नांगर म्हणूनच पोचे. कंदिलाची काच वाटेत तडकली की तिचे मोल संपले. त्यातच पुणे-मिरज लोहमार्ग तेव्हा मीटरमापी असल्याने मोठ्या मापाच्या मार्गाने पुढे जाणारा माल पुण्यास पुन्हा हाताळावा लागे. विलायती काचेशी स्पर्धा करणाऱ्या कारखान्याचे भवितव्य भट्टीइतकेच वेष्टनावरही अवलंबून होते, असे म्हणावे लागेल.

पन्हळी कागदाचा जन्म नेमक्या याच अडचणीतून झाला. १८५६ मध्ये इंग्लंडात अशा कागदाचा पहिला उपयोग उंच टोप्यांच्या अस्तरासाठी झाला होता. १८७१ मध्ये अमेरिकेतील आल्बर्ट जोन्स याने बाटल्यांसारख्या ठिसूळ वस्तूंच्या वेष्टनासाठी त्याचे एकस्व मिळविले, आणि दिव्यांच्या काचाही त्यात गुंडाळल्या जाऊ लागल्या. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग याने पन्हळींवर सपाट कागद चिकटविला. त्यामुळे पन्हळी पसरेनाशा झाल्या व वेष्टनाचा पुठ्ठा बनला. लाकडी खोक्यांशी त्याची स्पर्धा मात्र सुलभ नव्हती. अमेरिकन रेल्वे कंपन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतील मालाला अधिक भाडे आकारीत. हा पक्षपात १९१४ च्या निर्णयाने दूर झाला.

‘पन्हळी’ हे विशेषण मराठीत पत्र्याला व पुठ्ठ्याला सारखेच लागते, ते यथार्थच होय. दोहोंचे बळ जाडीत नसून आकारात असते. पातळ कागदाची कमान भार पेलते आणि तिच्यातील पोकळी धक्का शोषते. म्हणून खोक्यात पन्हळी उभ्या ठेवतात. आडव्या ठेवल्यास एकावर एक रचलेल्या खोक्यांखाली भिंत दबते. गुणवत्तेची कसोटी प्रथम पुठ्ठा किती दाबाला फुटतो यावरून ठरे. पुढे उभ्या कडेची भारसहनशक्ती अधिक महत्त्वाची मानली गेली, कारण खोके फुटण्यापेक्षा चेपण्याचा धोका मोठा. दमट हवेत हे बळ निम्म्यावरही येऊ शकते. सह्याद्रीलगतच्या पावसाळ्यात ही बाब गौण नव्हे.

आणखी एक संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. स्टार्चची खळ रूढ होण्यापूर्वी पुठ्ठ्याचे थर सोडियम सिलिकेटने चिकटवीत. वाळू व सोडा हीच त्याची मूलद्रव्ये, आणि काचेच्या भट्टीतही मुख्यतः तीच पडतात. काचेच्या रक्षणासाठी निघालेला पुठ्ठा अशा रीतीने काचेच्याच सगोत्र द्रव्याने जोडला गेला.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. त्याच्या उद्योगांचा इतिहास यंत्रे, भांडवल व राजाश्रय यांच्या आधारे मांडला जातो. तो पूर्ण व्हावयाचा तर कारखान्याचे दार व ग्राहकाचे घर यांमधील अंतर माल कसा ओलांडीत असे, हाही अभ्यासाचा विषय मानला पाहिजे.