भातशेतीत उभी ७ विमानघरे : जपानच्या कोचीतील युद्धाच्या खुणा

हे केरळचे नव्हे, जपानमधले कोची. शिकोकू बेटावरील या प्रांतात नानकोकू शहराच्या माएहामा भागात भाताच्या खाचरांमध्ये काँक्रीटच्या ७ मोठ्या कमानी उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन येथे लष्करी विमानतळ केला. त्यात मिशिमा गाव उठले.

बॉम्बपासून विमाने वाचवायला ४१ विमानघरे बांधली गेली. तिकडे त्यांना 'एंताई' म्हणतात. आधी मातीचा ढीग रचायचा, त्यावर काँक्रीट ओतायचे आणि ते घट्ट झाले की आतली माती उपसायची, अशी बांधायची पद्धत.

येथे 'शिरागिकू' ही सरावाची विमाने असत. १९४५ मध्ये त्यांनाच बॉम्ब लावून आत्मघाती हल्ल्याला धाडले. त्यात गेलेली बहुतेक तरुण पोरे होती.

युद्ध संपले, आजूबाजूला पुन्हा भात लागला. पण एवढे जाड काँक्रीट फोडणे सोपे नाही, म्हणून ७ विमानघरे शेतातच राहिली. एकाच्या पोटातून तर रस्ता आणि पाट काढलाय. २००६ मध्ये शहराने त्यांना ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केले.

जुन्या लष्करी विमानतळाच्या जागी आज प्रवासी विमानतळ आहे. मिशिमा गाव मात्र पुन्हा वसले नाही.